सही केली म्हणून तोंड बंद ठेवायची गरज नाही

ताई, तुमचा मेसेज वाचला. दारव्ह्याहून पुण्याला कामाले गेल्या, वेबसिरीजच्या ऑडिशनसाठी फ्लॅटवर बोलावलं, बोल्ड सीन आहे हे माहीत होतं अन् तुम्ही हो म्हणून करारावर सही केली, टेस्ट शूट डायरेक्टरशिवाय कोणी पाहणार नाही असं सांगितलं, आता तुम्ही पुढचं नको म्हणता तं ते लोक म्हणतात, करार मोडला म्हणून तीन लाख भर नाहीतर क्लिप अॅपवर टाकतो अन् गावातबी पाठवतो. अन् तुम्ही विचारता, सही मीच केली, मग तक्रार कोणत्या तोंडानं करू?

त्याच तोंडानं करा. असे उघड लैंगिक कृतीचे व्हिडिओ ऑनलाइन टाकणं हाच आपल्याकडं आयटी अॅक्टच्या 67 ए खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी 5 वर्षांपर्यंत कैद अन् 10 लाखांपर्यंत दंड, अन् जे कामच बेकायदेशीर त्याचा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 नं रद्दबातल, स्टॅम्प पेपर कितीचाबी असो. तीन लाखाचं विसरा.

सज्ञान बाईची मर्जी असेल तं कोणाला काय त्रास, असं बरेच जण म्हणतात, मलेबी ते बरंचसं पटते. पण 67 ए मध्ये मर्जीचा प्रश्नच नाही. म्हणून क्लिप तुमच्याकडं असेल तं पुरावा म्हणूनबी कोणाला फॉरवर्ड करू नका, पोलिसांनाच दाखवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये, म्हणजे बाईच्या खासगी कृतीचं शूटिंग करणं किंवा ते पसरवणं याच्या कलमात, मात्र मर्जी मोजतात, तिथं साफ लिहिलंय की शूटिंगला हो म्हणणं म्हणजे लोकांना दाखवायला हो म्हणणं नाही. टेस्ट शूट म्हणजे खासगी कृती नाही असं समोरचा वकील म्हणणारच, भांडू द्या. पैशासाठी धमकी तं कलम 308, खंडणी, त्याला ऑडिशनचं काही देणंघेणं नाही.

पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणं थांबत नाही. चॅट, कॉल, कराराचा फोटो काहीच डिलीट करू नका. घटना पुण्याची म्हणून आमच्या हद्दीत येत नाही असं ठाणेदार म्हणू शकत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागते, अन् कलम 77 ची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. वकिलाचे पैसे नसतील तं तालुका विधी सेवा समितीत जा, बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाबी लागत नाही.

अन् घरच्यांना सांगायचं का, हे तुम्ही ठरवा. तुम्ही सज्ञान आहात, तक्रारीवर बापाची सही लागत नाही.