पोचवायचं कसं, ते आधी बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

निपाणीहून टाकलेलं तुझं पत्र मिळालं. एमएस्सीच्या प्रकल्पाला फुप्फुसाच्या कर्करोगाचा फैलाव आणि मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांना लगाम घालणारे आरएनएचे इवलेसे तुकडे, हा विषय घेणार म्हणतेस, फार बरं वाटलं. आज्जीचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, तेव्हा हाच विषय का, हे मी विचारणार नाही.

मिर-२०० हा मायक्रोआरएनए घे. जेमतेम बावीस अक्षरांचा हा तुकडा झेब१ या जनुकाला दाबून धरतो. तो कमी पडला की झेब१ मोकाट सुटतं, पेशींना जोडून धरणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन घटतं आणि एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी सुटून वाट धरतात. पण मिर-२००चं हेच कुटुंब स्तनाच्या कर्करोगात, उंदरांमध्ये, सुटलेल्या पेशींना दूरच्या अवयवात रुजायला मदत करताना दिसलंय. म्हणून ‘मिर-२०० वाढवला, फैलाव थांबला’ असं लिहायची घाई करू नको.

पेशी सरकतात का ते बघायला पिपेटच्या पिवळ्या टिपने पेशींच्या थरावर चरा ओढशील. दुसऱ्या दिवशी तो बुजलेला दिसेल आणि जीव हरखून जाईल. अशाच एका फोटोवर माझं वर्ष गेलं. पेशी सरकल्याच नव्हत्या, नुसत्या वाढल्या होत्या. तू पेशींना वाढवणारं सीरम कमी ठेव, पेशी मोज, वाढीचा वेग वेगळा काढ.

खरं अडतं ते मायक्रोआरएनए औषध म्हणून गाठीपर्यंत पोचवण्यात. उघडा आरएनए रक्तात बघता बघता तुटतो. मेदाच्या थैलीत भरून शिरेतून दिला, तर बराचसा यकृतात जाऊन बसतो. मिर-३४ या दुसऱ्या मायक्रोआरएनएची बनवलेली नक्कल २०१३ साली अशीच पहिल्यांदा रुग्णांना दिली. रोगप्रतिकारशक्ती बिथरून गंभीर दुष्परिणाम झाले, रुग्ण दगावले, २०१६मध्ये चाचणी थांबली. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावतो, तेव्हा नको तिथे पोचला तर काय करील याचा भरवसा नाही. कर्करोगात कमी-जास्त होणाऱ्या मायक्रोआरएनएंच्या याद्या ढिगाने आहेत, त्यात आणखी एक नाव घालू नको. ओळखीचा एकच धर आणि तो फुप्फुसातल्या गाठीपर्यंत नेमका कसा जाईल, यावर जीव लाव.

दिवाळीत बेळगावला येशील तेव्हा प्रयोगाची वही आण, आकडे दोघी मिळून बघू. आणि आज्जीचा खोकला अजून आहे लिहिलंस. तीन आठवड्यांवर गेला असेल तर प्रकल्प राहू दे बाजूला, आधी तिच्या छातीचा एक्सरे काढून घे.

तुझी,
मॅडम