मोडलेला कान, ३०० हाडं आणि आंबलेल्या मांड्या

प्रश्न : पोरगं तालमीला जातंय. परवा लढत करताना कान घासला, आता वरचा भाग टम्म फुगलाय, दाबलं की मऊ लागतंय. वस्ताद म्हणतात राहू दे, कान मोडल्याशिवाय पैलवान होत नाही. मांडीला मुका मार लागतो तो चार दिवसांत बरा होतोय, मग कानालाच काय होतंय ओ?
– एक आई, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, आधी त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या, आजच, हे नंतर वाचलं तरी चालेल. आत साठलंय ते रक्त आहे, जितक्या लवकर काढाल तितकं बरं, दिवस गेले की घट्ट होऊन बसतं.

कानाच्या बाहेरच्या भागात हाड नसतं, कूर्चा असते, लवचिक, वाकणारी (पाळीत तीपण नसते). या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत, तिला चिकटून एक पातळ आवरण असतं, त्यातून जे काय झिरपेल त्यावर ती जगते. कुस्तीत कान मुडपला, रगडला की आवरण सुटतं, मधल्या फटीत रक्त भरतं आणि कूर्चेची उपासमार सुरू. ती मरते, पण आवरण जिवंत असतं ना, ते आपल्या परीनं नवी कूर्चा आणि चिवट तंतू तयार करत बसतं, तेही वेडंवाकडं, आणि मग होतो तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कान. मांडीचं नेमकं उलटं. स्नायूच्या तंतूतंतूला केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या बिलगलेल्या, शिवाय कडेला राखीव पेशी बसलेल्या असतात, सॅटेलाइट सेल म्हणतात त्यांना, १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या. मार लागला की त्या जाग्या होतात आणि डागडुजीला लागतात.

डॉक्टर रक्त काढून दाबपट्टी बांधतील नाहीतर टाके घालतील, कारण नुसतं काढलं तर परत भरतं. घरी सुई अजिबात टोचू नका, जंतू गेले तर कूर्चाच सडायची. वस्तादांचा मान राखून सांगतो, खासबागेच्या मैदानात कुस्ती कानानं मारत नाहीत.

प्रश्न : बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला आहे. सुश्रुत ३०० हाडं सांगतात, ॲनाटॉमीत २०६. खरं कुठलं?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : दोघं वेगवेगळं मोजतायत. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार आहेत, त्यात ‘रुचक’ म्हणजे दात आणि ‘तरुण’ म्हणजे नाक-कानातली वगैरे कूर्चा, म्हणजे वरच्या ताईंच्या पोराचा कानपण हाडांतच धरलाय. चरकसंहितेत तर आकडा ३६० वर जातो. आणि सुश्रुतांनी हे नुसतं बसून लिहिलेलं नाही बरं का, मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचा, मऊ पडला की वाळ्याच्या, बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत कातडीपासून आत एकेक थर बघायचा, अशी पद्धतच दिलीय. मला यातला धीर जास्त भावतो. तिकडं रोममध्ये दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या वैद्यानं माणसाऐवजी माकडं-डुकरं कापली आणि खालचा जबडा दोन हाडांचा असं लिहून ठेवलं, पुढं कित्येक शतकं तेच शिकवलं गेलं. वेसालियस या शरीररचनेच्या अभ्यासकानं स्वतः माणसाचे देह उघडले आणि १५४३ च्या ग्रंथात दाखवलं की मोठ्या माणसात ते एकच हाड आहे. परीक्षेत ज्या ग्रंथाचा प्रश्न, त्याचा आकडा लिहा.

प्रश्न : लई दिवसांनी बैठका मारल्या, दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना. लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणे?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही हो, ते तास-दोन तासांत निघून जातं. खाली बसताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर धरून असतो, त्यात सवय नसलेल्या तंतूंना बारीक इजा होते, सूज येते, म्हणून दुखणं एक-दोन दिवसांनी जास्त जाणवतं. हळूहळू चालत राहा, पुढच्या वेळी निम्म्या मारा. लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.