लेकीने आणलेल्या काळ्या गोळ्या

प्रश्न : माझी मुलगी सिंगापूरला असते. मागच्या महिन्यात आली तेव्हा माझ्यासाठी चिनी औषधाची बाटली घेऊन आली, मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या आहेत, नाव श्याओ याओ वान. मला टेन्शन आलं की पोट फुगतं, जेवण जात नाही, बरगड्यांखाली दाटल्यासारखं होतं. वय 58, बीपीची गोळी चालू आहे, त्यात लघवी जास्त होणारं औषधही आहे. घेऊ का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, लेकीने अगदीच काहीतरी उचलून आणलेलं नाही बरं का, तुम्ही लिहिलेली लक्षणं आणि या औषधाची लक्षणं बऱ्यापैकी जुळतात. तरी बाटली अजून उघडू नका, का ते सांगते.

श्याओ याओ म्हणजे मोकळं, निवांत फिरणं. वान म्हणजे गोळी, पण मूळ औषध चूर्णाचं, श्याओ याओ सान. चीनमध्ये सोंग राजवटीत सरकारी औषधशाळेचा जो ग्रंथ झाला त्यात ते आहे, म्हणजे साधारण 900 वर्षं तरी झाली. कृती वाचली तर आपल्या आजीचा काढाच वाटेल, भरड चूर्ण, मोठा कपभर पाणी, भाजलेल्या आल्याचा ठेचलेला तुकडा, थोडा पुदिना, उकळून सात दशांश उरलं की गाळून गरम प्यायचं. चूर्णात छाय हू, तांग क्वेइ आणि पाय चू नावांची मुळं, पिओनी या फुलझाडाचं पांढरं मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी फू लिंग बुरशी आणि भाजलेला ज्येष्ठमध.

चिनी वैद्यांचं म्हणणं असं की राग, घुसमट मनात साठली की लिव्हरमधला प्राणप्रवाह, ज्याला ते ची म्हणतात, तो तुंबतो आणि प्लीहेवर, म्हणजे त्यांच्या हिशोबाने पचनावर, जोर करतो. (हे लिव्हर ब्लड टेस्टमधलं लिव्हर नव्हे, रिपोर्ट नॉर्मल असला तरी ते असंच बोलतील.) आपणही काळजीने पोटात गोळा आला म्हणतोच ना, मला तर हे अजिबात परकं वाटत नाही. यावर चीनमध्ये अभ्यास झालेत, पण बरेचसे छोटे, त्यामुळे खात्रीने गुण येईल असं मी म्हणणार नाही.

आता तुमची खरी अडचण म्हणजे ज्येष्ठमध. तो जास्त दिवस पोटात गेला तर अंगात पाणी धरतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि तुमच्या लघवीच्या औषधांपैकी बरीचशी पोटॅशियम आधीच बाहेर काढतात. दोन्ही एकत्र झाली तर पायात गोळे येणं, गळून जाणं, अगदी हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत जाऊ शकतं. घसा बसला म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळत असाल तर ती पण धरा हिशोबात. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घरात कुणाला चालू असेल तर त्यांनी याला हातच लावू नये, तांग क्वेइने रक्तस्राव वाढू शकतो.

बाटली आणि बीपीच्या गोळीची स्ट्रिप, दोन्ही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, लपवू नका, ओरडले तरी चालेल, आणि रक्तातलं पोटॅशियम तपासायचं का तेही विचारा. या वयात वजन आपोआप कमी होत असेल, शी काळी होत असेल किंवा घास अडकत असेल तर टेन्शनवर ढकलू नका, आधी पोटाची तपासणी. तोवर रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं घ्या, आणि मुलीशी एकदा मोकळेपणाने बोला, कसली काळजी लागलीये ते तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीत. पोटॅशियमचा रिपोर्ट आला की आकडा मला जरूर कळवा.