टेस्ट केली की शिक्का बसेल का?

"मॅडम, टेस्ट केली तर पोरावर कायमचा शिक्का बसेल ना?" भांडुपहून आलेल्या त्या आईने खुर्चीत टेकताच विचारलं. मुलगा चौथीत. वाचता-लिहिताना तो का अडतो, हे तपासायची ही टेस्ट. पालकसभेत बाईंनी सांगितलं होतं, "याला स्पेशल शाळेत घाला, इथे निभाव लागणार नाही." हीच भीती घेऊन कितीतरी आईवडील माझ्याकडे येतात, म्हणून हा अनुभव लिहितेय. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

मी आधी वही मागितली. शुद्धलेखनाचं पान खोडून खोडून दोन ठिकाणी फाटलं होतं. 'घर'चं 'धर', जोडाक्षरं अर्धवट, वेलांट्या उलटसुलट. खाली लाल शाईत शेरा, 'अभ्यास करत नाही'. आळशी मूल कागद फाटेपर्यंत खोडत बसत नाही हो!

"गाडीने आलास?" मी मुलाला विचारलं. त्याने कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर अशी दादरपर्यंतची सगळी स्टेशनं धडाधड म्हणून दाखवली. पाटी मात्र तो वाचत नाही, घोषणा ऐकून उतरतो. पोर हुशार आहे, अडतं ते अक्षरांपाशी.

आईला म्हटलं, "ताई, वर्गात त्याला 'ढ' म्हणतातच की. टेस्टने निदान खरं कारण तरी कळेल." वडील तयार नव्हते. "मीही असाच होतो, मार खाऊन सुधारलो," म्हणाले. त्यांचं मन वळवायला दोन महिने गेले.

मग शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात खेपा झाल्या. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, शेवटी वाचन-लेखन-गणिताची चाचणी. एका दिवसात हे उरकत नाही, रजेचा हिशेब ठेवूनच जा. निदान झालं अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात मूल अडतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे. अशा मुलाला नेहमीच्या शाळेत इतरांबरोबर शिकण्याचा हक्क आहे. प्रमाणपत्र असेल तर पुढे दहावीला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात.

पण दहावी लांब आहे, चौथीचं काय? मी शाळेत गेले. बाई वाईट नव्हत्या, साठ मुलांपुढे एकट्या उभ्या होत्या. आम्ही तीनच गोष्टी ठरवल्या. त्याला अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं नाही. परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी घ्यायची. फळ्यावरचं राहिलं तर शेजारच्याची वही घरी न्यायची. पहिल्याच तोंडी परीक्षेनंतर बाईंचा मला फोन आला, "अहो, याला सगळं येतंय!" त्यांचा आवाज भरून आला होता, माझाही.

वाचन अजून अडखळतंच. आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिकेकडे जातो, हे काम वर्षानुवर्षांचं आहे.

जूनमध्ये वर्ग बदलला की नव्या बाईंपुढे पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणून आम्ही तिघांनी बसून एका पानाची चिठ्ठी केली. आई आता ती प्रमाणपत्राच्या झेरॉक्ससोबत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवते. शेवटची ओळ मुलाने सांगितली, मी जशीच्या तशी उतरवली: 'फळा पुसायच्या आधी एकदा माझ्याकडे बघा.'