प्लास्टिकचं काडतूस फौजेत का नाही?

प्रश्न : भाचा फौजेत आहे, सुट्टीवर आला की पहिली तक्रार ओझ्याची. म्हणतो, बाहेरच्या देशात प्लास्टिकच्या केसची (म्हणजे काडतुसाच्या बाहेरच्या नळकांड्याची) हलकी काडतुसं बनवलीत. पण आमच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचं बारा बोरचं काडतूस कधीपासून प्लास्टिकचंच आहे की, मग ह्यात नवीन काय?
– एक काजू बागायतदार, कुडाळ

उत्तर : भाऊ, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. तुमचंच काडतूस हातात घ्या, नळी प्लास्टिकची पण बूड धातूचं. आता बार होताना आतलं प्रेशर बघा, बारा बोरमध्ये साधारण 11-12 हजार पीएसआय (दाब मोजायचं माप), आणि 5.56 मिमीच्या फौजी रायफलीत त्याच्या जवळपास पाचपट, तेवढं सोसून केस फाटता कामा नये आणि बार झाल्यावर लगेच सुटून बाहेरपण यायला पाहिजे, नाहीतर ऐन वेळी रायफल जाम.

फायदा मात्र खराच आहे. 5.56 ची एक गोळी भरते 12 ग्रॅमच्या आसपास, त्यात निम्मं वजन पितळी केसचंच, म्हणजे समजा 210 गोळ्या घेतल्या तर अडीच किलो. बनवणारे 30 टक्के बचत सांगतात, म्हणजे पाऊण किलो कमी, आणि मशीनगनवाल्याचं तर त्याहून कितीतरी जास्त. भाच्याला विचारा, चढावर पाऊण किलो म्हणजे काय ते. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं, प्लास्टिकला ती भीती नाही. जुन्या लोकांना आठवत असेल, कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगायची आणि बंदुकीच्या नळीत जायचीच नाहीत.

अडतं कुठे, तर उष्णतेत. पितळी केस बाहेर पडताना थोडी उष्णता सोबत घेऊन जाते. प्लास्टिक उष्णता फारशी घेत नाही, त्यामुळे चेंबर (रायफलीत काडतूस बसतं ती जागा) कमी तापतं असं म्हणतात, पण सलग फायरिंगने चेंबर आधीच तापलेलं असलं आणि गोळी आत तशीच राहिली तर केस मऊ पडू शकते. बूड धातूचंच ठेवावं लागतं, नाहीतर खेचताना कड तुटते, आणि मग धातू-प्लास्टिकचा सांधा हीच कमजोर जागा होते. 2022 मध्ये अमेरिकन आर्मीने 6.8 मिमीची नवीन रायफल निवडली, तेव्हा प्लास्टिक केसवाली कंपनी स्पर्धेत होती, पण निवड झाली ती स्टीलचं बूड आणि पितळी अंग असलेल्या काडतुसाची. मला तरी सध्या तोच रस्ता बरोबर वाटतो, कारण वजन थोडंच कमी होतं पण भरवसा राहतो.

अजून एक, रिकामं पितळ भंगारात जातं, प्लास्टिक तसंच रानात पडून राहतं. तुमच्या बागेतल्या नळ्यापण बार झाल्यावर लगेच उचला, गुरं चघळतात.