मैत्रिणीला दागिना द्यायचाय, पण…

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात एक काळजी हटकून डोकावते. आलेल्या असतात त्या वेगळ्याच कारणासाठी. झोप नाही, सासूशी पटत नाही, नोकरी सोडू का, असं काहीतरी. निघता निघता म्हणतात, "मॅडम, अजून एक फालतू गोष्ट आहे. मैत्रिणीला काहीतरी सोन्याचं द्यायचंय आणि काही सुचतच नाहीये." कधी तिचं लग्न असतं, कधी पन्नाशी, कधी ती मोठ्या आजारातून उठलेली असते. मग ही 'फालतू' गोष्ट पुढचा अर्धा तास खाते, आणि तोवर न निघालेलं बरंच काही त्या अर्ध्या तासात निघतं.

त्यातलाच एक अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम देत नाही. माझ्यासमोर बसायच्या त्यांना ताई म्हणू.

ताई कोल्हापूरच्या, प्राथमिक शिक्षिका. मैत्रीण डी.एड.च्या वसतिगृहातली, एकाच खोलीत राहिलेली. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. तेव्हापासून तिच्या अंगावर कानातल्या कुड्या सोडल्या तर काही नव्हतं. आता तिला पन्नास पूर्ण होणार होती आणि ताईंनी मनाशी ठरवलं होतं, ठुशी करायची. स्वतःच्या भिशीचे पैसे साठवले होते.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, फेऱ्या सुरू झाल्या. मोबाइल फोटोंनी भरला: ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, चिंचपेटी. एका सराफानं हौसेनं साज पुढे केला, तर ताई दुकानातून उठूनच आल्या. साज आमच्या भागात मंगळसूत्राच्या बरोबरीचा. ताईंचे यजमान म्हणाले, "पाकीट दे आणि मोकळी हो." मुलगी म्हणाली, "ऑनलाइन मागव, नाही आवडलं तर परत करता येतं." नणंद काय म्हणाली, ते मात्र ताईंनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं: "तिला गळ्यातलं देतेस? बघ बाई, लोक नावं ठेवतील."

"मला हे पटत नाही हो मॅडम," ताई म्हणाल्या. "आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ साली ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. मी वर्गात मुलांना सांगितलंय ते. आणि मलाच रात्री वाटतं, नणंद म्हणते ते खरं निघालं तर?"

लोकांची भीती खरी होती, पण मला ती वरवरची वाटली. मी विचारलं, "समजा ठुशी दिली आणि तिनं घातली नाही. मग?"

"वाईट वाटेल."

"वाटणारच. त्याच्या पुढे?"

ताई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं वाटेल की तीस वर्षांत मला ती कळलीच नाही."

"आणि घातली तर?"

"तर… ती सावरली असं वाटेल. माझ्या हातून काहीतरी झालं असं वाटेल."

इथं गाठ दिसली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारानं मी काम करते. त्यांचं एक निरीक्षण मला इतक्या वर्षांत एकदाही दगा देऊन गेलेलं नाही: इच्छा माणसाला थकवत नाही, इच्छेची सक्ती झाली की थकवते. मैत्रिणीनं दागिना घालावा ही ताईंची इच्छा होती. तिनं तो घालावा, घालून हसावं, आणि त्यावरून आपली मैत्री खरी ठरावी, एवढं सगळं त्या बिचाऱ्या ठुशीच्या गळ्यात बांधलेलं होतं. एवढं ओझं पेलेल असा दागिना गुजरीत मिळणार कुठून? फेऱ्या संपत नव्हत्या त्या यामुळे.

याच सुमारास मला एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मी आता प्रत्येकीला सांगते. आपल्याकडे बाईच्या अंगावरच्या जवळजवळ प्रत्येक दागिन्याला देणारा ठरलेला असतो. मंगळसूत्राची एक वाटी माहेरची, एक सासरची. बाळलेणी आजोळची. सुनेच्या हातात सासूच्या पाटल्या. भाऊबीजेला भाऊ. गावागणिक आणि जातीगणिक फरक पडेल, पण दागिना नात्याच्या वाटेनंच येतो. या सगळ्या वाटांमध्ये मैत्रीण कुठंच नाही. तिनं काय द्यावं, किती द्यावं, कधी द्यावं, याची रीतच नाही. रीत नसली की माणूस हाताशी असेल त्या मापानं मोजायला लागतो, आणि हाताशी असतं वजन. किती तोळे? किती हजार? बायका माझ्याकडे किमतीचा प्रश्न घेऊन येतात तो असा.

किमतीचं म्हणाल तर फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अॅडम्स या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साखरपुड्याच्या अंगठ्यांबद्दलही विचारलं होतं. देणाऱ्यांना वाटत होतं, अंगठी जितकी महाग तितकं तिला कौतुक. घेणाऱ्यांच्या कौतुकाचा किमतीशी तसा संबंध आढळला नाही. हे ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ते परदेशात असेल." मी वाद घातला नाही.

त्याऐवजी विचारलं, "तिनं स्वतःच्या मनानं, कुणी दिला-घातला म्हणून नव्हे, असा कुठला दागिना घातलेला तुम्ही पाहिलाय?"

ताई लगेच म्हणाल्या, "तसं काही नाही. लग्नाआधी आमच्याकडे होतं काय?" मी गप्प बसले. समुपदेशनात मला सर्वांत उशिरा जमलेली आणि आता सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

आणि एकाएकी त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"बुगडी! मॅडम, तिनं बुगडी घातली होती!"

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला दोघींनी शिष्यवृत्तीच्या पैशातून कानाची वरची पाळी टोचून घेतली होती. ताईंचा कान पिकला, त्यांनी सोडून दिलं. मैत्रिणीनं चिकाटीनं टिकवलं आणि साध्या मोत्यांची बुगडी घालून वसतिगृहभर मिरवली. रेक्टरबाई रागावल्या, तरी तिनं काढली नाही. लग्न ठरल्यावर कुणीतरी "काय हे जुनाट" म्हटलं, तेव्हा ती उतरली.

"ती बुगडी कुणी पाहिली होती?" मी विचारलं.

"मी. म्हणजे, वसतिगृहातल्या आम्हीच." मग ताई थोडं थांबून म्हणाल्या, "तिच्या यजमानांनीसुद्धा नाही."

मला पुढे काही बोलावं लागलं नाही. बुगडीचा सौभाग्याशी संबंध नव्हता. ती कुणाची बायको, आई, सून होण्याच्या आधीची होती. ती माहीत असलेलं माणूस माझ्यासमोर बसलं होतं. रीत नसल्याचा फायदा हा असा. मैत्रीण जे देऊ शकते ते माहेरी-सासरी कुणालाच सुचणार नसतं, कारण त्यांनी ते पाहिलेलंच नसतं. म्हणून "काय घेऊ?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी उलट विचारते, "तिचं असं काय तुम्हाला माहीत आहे जे तिच्या घरच्यांना माहीत नाही?" कुणाला नाटकातली भूमिका आठवते, कुणाला सायकलवरून केलेला प्रवास, कुणाला तिनं न पाठवलेलं पत्र. दागिना तिथून सापडतो. कधी कळतं की दागिना नकोच आहे, तेही चालतं.

ताईंना मी एकच गोष्ट करायला सांगितली: तिला विचारा. त्या बिचकल्या. "मग गंमत काय राहिली?" हा आक्षेप मी नेहमी ऐकते. आश्चर्याचा धक्का देण्यात देणाऱ्याची हौस भागते. ज्या बाईनं दोन वर्षं अंगावर काही चढवलेलं नाही, तिला चारचौघांत डबी उघडायला लावणं मला बरं वाटत नाही. घालायचं की नाही हे ठरवायला तिला एकांत मिळायला हवा. ताईंनी त्याच संध्याकाळी फोन केला. विचारलं फक्त एवढंच, "अगं, तुझ्या वरच्या पाळीचं भोक बुजलं का गं?" पलीकडून आधी शांतता, मग हसू, मग, "कधीच बुजलं. पण तू का विचारतेस ते मला कळलंय. चापाची मिळते आता."

व्यवहाराचं थोडं बोलते, कारण भावनेच्या भरात ते राहून जातं. ठुशीपेक्षा बुगडीला सोनं फारच कमी लागतं. २०२५ मध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हा हा फरक लहान नाही. हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असतो आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर तो तपासता येतो. पण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. छोटी बुगडी, नाकातली चमकी, मुरणी घेताना कॅरेट आणि वजन बिलावर लिहून घ्या. घडणावळ वेगळी दाखवायला सांगा. मोडताना ती परत मिळत नाही. नकली किंवा मुलाम्याचं देणार असाल तर तिला निकेलची अॅलर्जी आहे का ते आधी विचारा, कान सुजला की भेट डबीतच राहते. आणि फार जड देण्याचा विचार असेल तर एक आयकराची बाब: मैत्रीण कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक नाही. वर्षभरात नात्याबाहेरून मिळालेल्या भेटी ५० हजारांच्या वर गेल्या, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. लग्नात मिळालेल्या भेटींना यातून सूट आहे, पन्नाशीला नाही. ताईंची ठुशी झाली असती तर मैत्रिणीला कदाचित कर भरावा लागला असता, हे ऐकून त्या पुन्हा एकदा खूप हसल्या.

चिठ्ठी मात्र लिहा. 'तुला शोभेल म्हणून' असं नको, त्यात परीक्षा असते. ताईंनी वसतिगृहाच्या खोलीचा नंबर आणि वर्ष, एवढंच लिहिलं.

नणंदेचं काय झालं, असं बऱ्याच जणी विचारतात. काही झालं नाही. तिनं नंतरही टोमणा मारला. ताईंना तो लागला, पण झोप गेली नाही.

बुगडी मैत्रिणीनं वाढदिवसाला घातली नाही. पुढे कधीतरी शाळेच्या स्नेहसंमेलनाला घातली, तर चाप इतका घट्ट निघाला की तासाभरात पाळी लाल झाली. मग दोघी मिळून गुजरीत गेल्या आणि तो सैल करून आणला. सोनारानं मजुरी मागितली, ती कुणी द्यायची यावरून दुकानातच दोघींची जुंपली, आणि शेवटी मैत्रिणीनं दिली.