अग्निवीर आणि पेन्शनपूर्वी फौज सोडलेले जवान यांना राज्याच्या माजी सैनिक सवलती द्याव्यात का?

द्याव्यात. तुम्ही मुख्यतः अग्निवीर, म्हणजे चार वर्षांच्या मुदतीवर फौजेत भरती झालेल्या, भावासाठी विचारले आहे, पण पेन्शनपूर्वी सोडलेल्यांचा प्रश्न त्याहून जुना आहे आणि तो आमच्या घरातला आहे.

आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी एक जण फौजेत असलेली गावे आहेत. माझे वडील आणि थोरले चुलते दोघेही एकाच काळात फौजेत होते. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा आजी आधीच गेलेली होती, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सगळे करायला घरात कोणी नव्हते. दोघांपैकी एकाने परत येणे भाग होते. चुलत्यांची पेन्शन जवळ आली होती, म्हणून वडील आले. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षे लागतात. वडिलांची दहा-अकरा झाली होती. त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्तीच्या पुस्तिकेत, वर्तणुकीच्या रकान्यात ‘एक्झम्प्लरी’ (आदर्श) असा शेरा आहे आणि सेवामुक्तीचे कारण ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे आहे. आज शासनाच्या लेखी या दुसऱ्या नोंदीपुढे पहिलीला काहीही किंमत नाही, कारण पेन्शनशिवाय स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला जवान माजी सैनिकाच्या व्याख्येतच बसत नाही.

२०२० मध्ये राज्याने घरपट्टीची माफी, जी तोपर्यंत शौर्यपदकधारक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यापुरती होती, ती सर्व माजी सैनिकांना लागू केली. चुलत्यांचा अर्ज मंजूर झाला. वडिलांचे डिस्चार्ज बुक संबंधित कार्यालयातील लिपिकाने उलटसुलट पाहिले आणि ‘तुम्ही यात येत नाही’ एवढे सांगून परत दिले. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून मिळणारे मासिक अनुदान नोव्हेंबर २०२५ पासून ४,००० रुपयांवरून ८,००० रुपये झाले, हे चांगलेच झाले. पण पेन्शन नसलेल्यांसाठी असलेल्या या मदतीलाही आधी माजी सैनिक ठरावे लागते. रक्कम वाढवणे सरकारला सोपे जाते; व्याख्येला हात लावायला कोणी तयार नसते.

चुलते म्हणतात की मध्येच सोडून येणाऱ्याला सवलत दिली, तर पूर्ण नोकरी करणाऱ्याचा मान काय राहिला? मला हे मुळीच पटत नाही. पूर्ण नोकरीचा मोबदला म्हणजे पेन्शन, आणि ती त्यांना मिळते; वडिलांनी ती कधीही मागितलेली नाही. राज्याची सवलत ही सीमेवर काढलेल्या वर्षांची दखल आहे, आणि ती वर्षे वडिलांनीही काढली. शिवाय चुलत्यांची नोकरी पूर्ण झाली, ती त्यांच्या वडिलांचे अंथरूण माझे वडील सांभाळत होते म्हणून.

अग्निवीरांबाबत माझे मत असे की चार वर्षांची मुदत सरकारनेच ठरवली आहे, त्यामुळे ती पूर्ण करणाऱ्याने मध्येच सोडले असे म्हणता येणार नाही. मुदत संपल्यावर सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी एकरकमी मिळतो हे खरे, परंतु पेन्शन नाही, उपदान (ग्रॅच्युइटी) नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकडीतील मुले २०२६ च्या अखेरीपासून परतू लागतील. राज्याने स्वतःच्या सवलतींपुरती वेगळी व्याख्या त्याआधी करायला हवी: ठरलेली मुदत पूर्ण केलेला, किंवा किमान पाच वर्षे सेवा करून आजारपणामुळे अथवा घरच्या अडचणीमुळे परतलेला जवान पात्र धरावा. बडतर्फ झालेल्यांना यात जागा नसावी, हे सांगायला नकोच. घरपट्टी माफ केल्याने लहान ग्रामपंचायतीचे उत्पन्न घटते, तेव्हा तेवढी भरपाई राज्याने द्यावी. नाहीतर गावच अशा अर्जांना विरोध करील. भावाला सेवामुक्तीची सगळी कागदपत्रे आणि महाराष्ट्राचा अधिवास दाखला जपून ठेवायला सांगा. आणि तुमच्याही घरात पेन्शनवर आलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना या मागणीवर सही करायला लावा, कारण त्यांच्या शब्दाला शासनदरबारी वजन आहे. चुलत्यांकडे मी तीच सही मागते आहे.